मालपरती

विकत घेतलेली वस्तू खरेदीदाराने विक्रेत्याला परत देणे आणि तिच्याबद्दल दिलेली किंमत, बदली वस्तू किंवा तेवढ्या रकमेची जमा चिठ्ठी त्याच्याकडून घेणे, या व्यवहारास मालपरती म्हणतात. हिशेबशास्त्रात हा व्यवहार विक्रेत्याच्या वह्यांत ‘विक्री परत’ व खरेदीदाराच्या वह्यांत ‘खरेदी परत’ या नावाने नोंदला जातो. मालपरती ही वरवर पाहता विक्रीची उलट क्रिया वाटली, तरी ती विक्रीचे केवळ प्रतिबिंब नव्हे. विकलेली वस्तू नवी असते. परत आलेली वस्तू नवी राहिलेली असतेच असे नाही, आणि तरीही ती पुन्हा नवी म्हणून विकली जाण्याचा संभव असतो. त्यामुळे या व्यवहारात दोन नव्हे, तर तीन पक्ष गुंतलेले असतात : विक्रेता, माल परत करणारा ग्राहक आणि तीच वस्तू पुढे विकत घेणारा, मागील घडामोडींची काहीच कल्पना नसलेला दुसरा ग्राहक. मालपरतीच्या नीतीविषयीचे अवघड प्रश्न बहुधा या अनभिज्ञ ग्राहकाच्या संदर्भातच उद्‌भवतात.

माल परत करण्याची कारणे मुख्यतः तीन प्रकारची असतात. वस्तू सदोष असणे किंवा ठरलेल्या वर्णनाची नसणे, हे पहिले कारण होय. दुसरे म्हणजे वस्तू निर्दोष असूनही ती घेतल्याबद्दल खरेदीदारास पश्चात्ताप होणे. तिसऱ्या प्रकारात परतीची मुभा मूळ करारातच असते. महाराष्ट्रातील व गुजरातमधील बाजारपेठांत या तिसऱ्या प्रकारास ‘जांगड’ म्हणतात. पसंत पडल्यास ठेवावा, न पडल्यास परत करावा, अशा बोलीवर नेलेला माल म्हणजे जांगड माल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द नोंदलेला आहे, आणि मुंबईच्या हिरेबाजारात दलालाच्या हाती माल सोपविताना आजही जांगड चिठ्ठी लिहिली जाते. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या २४ व्या कलमात अशा व्यवहाराचे नियम दिलेले आहेत : खरेदीदाराने पसंती कळविली, माल आपलाच असल्यासारखी एखादी कृती केली, किंवा नापसंती न कळविता ठरलेल्या अथवा वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, की त्याची मालकी त्याच्याकडे जाते. पुस्तकव्यवसायातही हीच पद्धत रूढ आहे. अमेरिकेत १९३० नंतरच्या मंदीच्या काळात प्रकाशकांनी न खपलेली पुस्तके परत घेण्याचे मान्य केले व ती प्रथा पुढे कायम झाली. स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकांच्या बाबतीत तर वाहतूकखर्च परवडत नसल्यामुळे विक्रेता फक्त फाडलेले मुखपृष्ठ पुरावा म्हणून पाठवितो आणि पुस्तकाचा लगदा होतो.

प्राचीन विचार : माल परत करण्याचा प्रश्न भारतीय धर्मशास्त्रकारांनी फार बारकाईने हाताळलेला आहे. मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी ‘क्रयविक्रयानुशय’ हे एक आहे. ‘अनुशय’ म्हणजे केलेल्या कृतीबद्दल मागाहून वाटणारी रुखरुख. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार खरेदी किंवा विक्री केल्यानंतर ज्यास अनुशय होईल, त्याने दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी किंवा घ्यावी. त्यानंतर तसे करणाऱ्यास वा करावयास लावणाऱ्यास सहाशे पण दंड सांगितला आहे. येथे पश्चात्तापाचा हक्क विक्रेत्यालाही दिलेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आधुनिक कायद्यांनी तो केवळ ग्राहकापुरता ठेवला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुदत व्यवसायानुसार बदलते : व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. बाजारात रोज वावरणाऱ्याला निर्णयासाठी कमी आणि क्वचित येणाऱ्याला अधिक वेळ द्यावा, असा विचार यामागे असावा.

याज्ञवल्क्य व नारद यांनी मुदत वस्तूच्या स्वरूपाशी जोडली. याज्ञवल्क्याने परीक्षेसाठी बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नांस सात आणि दुभत्या जनावरास तीन दिवस सांगितले आहेत. (त्याच यादीत दासदासींच्या परीक्षेचीही मुदत येते, यावरून तत्कालीन बाजारपेठेत कशाकशाची विक्री होत असे हे कळते.) बियाण्याची उगवण आणि गाईचे दूध हे घरी नेल्यावरच कळणारे गुण होत, उलट लोखंड कसे आहे ते लगेच पाहता येते. नारदाचे नियम आणखी व्यवहारी आहेत. खरेदी चुकीची झाली असे वाटल्यास वस्तू त्याच दिवशी व अविक्षत, म्हणजे धक्का न लागलेल्या स्थितीत, परत करावी. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा भाग सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, आणि त्यानंतर वस्तू खरेदीदाराचीच होते. मात्र गुणदोष आधी पारखून पसंत केलेली वस्तू विक्रेत्यास परत करता येत नाही. चांगली वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्या विक्रेत्याने दुप्पट किंमत व तेवढाच दंड द्यावा, असेही नारद सांगतो. परतीमुळे होणारे नुकसान दोघांत वाटून घेण्याची ही तिसाव्या भागाची युक्ती आजच्या दुकानदारांना नवी वाटेल. पण परतीच्या मालावर ठराविक टक्के रक्कम कापून घेणारे आजचे व्यापारी नकळत तीच पद्धत अनुसरत असतात.

रोममध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या ईडाइल या अधिकाऱ्यांच्या आज्ञापत्रान्वये गुलाम व जनावरे विकताना त्यांचे दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक होते. दोष लपविलेला आढळल्यास खरेदीदारास सहा महिन्यांच्या आत व्यवहार रद्द करून किंमत परत मागता येई, किंवा एका वर्षाच्या आत किमतीत घट मागता येई. विक्रेत्याने किती सांगावे या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध चर्चा सिसरोने इ. स. पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आढळते. एका घराचे लाकूड कुजलेले आहे आणि ते राहण्यास अपायकारक आहे, हे फक्त मालकालाच ठाऊक आहे. ते न सांगता त्याने घर विकावे काय? स्टोइक पंथाचा डायोजिनीझ म्हणतो, की खोटे बोलू नये आणि कायदा सांगतो तेवढे दोष उघड करावेत. त्यापुढे काही सांगण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, की विक्रेत्याला जे माहीत आहे ते सर्व खरेदीदारालाही माहीत असले पाहिजे. सिसरोचा कौल अँटिपाटरच्या बाजूने आहे. परत आलेल्या मालाच्या पुनर्विक्रीचा प्रश्न हा याच वादाचा पुढचा अध्याय होय.

इंग्लंडमध्ये मात्र ‘खरेदीदाराने सावध राहावे’ हे तत्त्व दीर्घकाळ प्रभावी राहिले. १६०३ च्या चँडलर विरुद्ध लोपस या खटल्यात एका सोनाराने औषधी गुणांचा ‘बेझोअर’ म्हणून शंभर पौंडांस विकलेला खडा तसा नव्हता. पण सोनाराने तशी हमी दिलेली नसून नुसते विधान केले होते, म्हणून खरेदीदारास दाद मिळाली नाही. एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी हे तत्त्व हळूहळू सौम्य केले. १८९३ च्या इंग्लिश मालविक्री कायद्यात गर्भित शर्ती आल्या आणि भारतीय अधिनियम त्याच धर्तीवर तयार झाला.

दुकानांचे धोरण : कायद्याने बंधन नसताना, केवळ मन बदलले म्हणून माल परत घेण्याची प्रथा मोठ्या भांडारांनी पाडली. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या भांडारात आरिस्टीद बूसिको याने १८५२ पासून ठराविक किमती व माल बदलून देण्याची सोय या गोष्टी रूढ केल्या. त्याच वर्षी शिकागोत दुकान थाटणाऱ्या पॉटर पामरनेही परतीची मुभा दिली आणि त्याच्या व्यवसायाचा वारस मार्शल फील्ड याने ती पुढे चालविली. टपालाने माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्डने १८७५ मध्ये समाधान न झाल्यास पैसे परत देण्याचे जाहीर केले. वस्तू हातात घेऊन न पाहता केवळ सूचिपत्रावरून पैसे पाठविणाऱ्या, दूरच्या खेड्यातील शेतकऱ्याचा विश्वास संपादन करण्याचा दुसरा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. यामागील अर्थशास्त्रीय तर्क पुढे जॉर्ज अकरलॉफ याच्या १९७० मधील जुन्या मोटारींच्या बाजारपेठेवरील निबंधामुळे स्पष्ट झाला. मालाविषयीचे ज्ञान विक्रेत्याकडेच असेल, तर चांगला मालही खरेदीदार संशयानेच घेतो. परतीची हमी हा संशय दूर करते, कारण वाईट माल विकणाऱ्यास अशी हमी परवडत नाही.

ही हमी कोठपर्यंत टिकते, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेच्या मेन राज्यातील एल. एल. बीन या व्यवसायाचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९१२ मध्ये त्याच्या संस्थापकाने टपालाने विकलेल्या शिकारी बुटांच्या पहिल्या शंभर जोडांपैकी नव्वद जोड शिवण उसवल्यामुळे परत आले. त्याने सर्वांचे पैसे परत केले, बूट सुधारले आणि त्या प्रामाणिकपणावर व्यवसाय उभा राहिला. शतकभर या दुकानाने मुदतीची अट घातली नाही. परंतु काही लोक दुसऱ्यांचे जुने, झिजलेले कपडे व बूट भंगाराच्या भावात विकत घेऊन ते दुकानात ‘परत’ करू लागले. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकानाने परतीची मुदत एक वर्ष केली व खरेदीचा पुरावा आवश्यक ठरविला.

कायदेशीर स्थिती : भारतात सदोष माल नाकारण्याचा हक्क मालविक्री अधिनियमाने दिला असला, तरी त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे; चपलेच्या जोडासाठी कोणी दावा लावीत नसे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने व इतर ग्राहक संघटनांनी या उणिवेकडे लक्ष वेधले आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० मध्ये अंमलात आला. त्यानुसार सदोष माल परत न घेणे, किंवा पावतीवर दिलेल्या मुदतीत व तशी मुदत नसल्यास तीस दिवसांच्या आत पैसे परत न करणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी त्यामुळे सदोष मालाच्या बाबतीत निरर्थक आहे, तरी ती असंख्य दुकानांत व पावत्यांवर अद्याप दिसते. इंटरनेटवरून होणाऱ्या विक्रीसाठी २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार माल सदोष, बनावट, जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा किंवा कबूल केलेल्या वेळेनंतर पोचलेला असल्यास विक्रेत्यास तो नाकारता येत नाही. निर्दोष माल केवळ नावडला म्हणून परत करण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र भारतीय कायद्यात नाही. तो विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून आहे. यूरोपीय संघाच्या २०११ च्या निदेशानुसार दूरविक्रीत ग्राहकास कारण न देता चौदा दिवसांत व्यवहार रद्द करता येतो. तथापि वस्तूचे स्वरूप पारखण्यासाठी आवश्यक तेवढीच हाताळणी त्यात अभिप्रेत आहे. त्याहून अधिक वापरामुळे किंमत घटल्यास ती घट ग्राहकाने सोसावयाची असते. दुकानात जाऊन, पाहून केलेल्या खरेदीस हा हक्क लागू नाही. मनूने अनुशयास दिलेल्या दहा दिवसांच्या मुदतीशी या चौदा दिवसांची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु यूरोपीय नियमाचा भर पश्चात्तापापेक्षा वस्तू प्रत्यक्ष पाहण्याची संधी नसण्यावर आहे, म्हणजे तो नारद-याज्ञवल्क्यांच्या परीक्षाकालास अधिक जवळचा आहे.

ग्राहकाची नीती : परतीच्या सवलतीचा उघड गैरवापर ओळखणे कठीण नाही. रिकामे खोके परत पाठविणे, नव्या यंत्राच्या जागी जुने ठेवणे, चोरलेल्या वस्तूवर पैसे मागणे, या गोष्टी सरळसरळ फसवणुकीच्या आहेत. अधिक विचार करावा लागतो तो समारंभापुरता पोशाख नेसून, किमतीची चिठ्ठी तशीच ठेवून, दुसऱ्या दिवशी तो परत करणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत. त्याने पैसे दिलेले असतात आणि मुदतही पाळलेली असते. नियमांची अक्षरे त्याच्या बाजूने असतात. परंतु त्याने खरेदीच्या नावाखाली, भाडे न देता, वस्तू भाड्याने वापरलेली असते, आणि परत करताना ‘मी ही वापरलेली नाही’ असे न बोलता सुचविलेले असते. मराठीत साडी पहिल्यांदा नेसण्याला ‘घडी मोडणे’ म्हणतात. घडी मोडलेली साडी परत न घेणारा कापड दुकानदार हटवादी नसून, वस्तू कोणत्या क्षणी नवी राहत नाही याची त्याने अचूक खूण धरलेली असते. अंगावर धरून पाहणे आणि नेसणे यांतील भेद प्रत्येक घरात समजला जातो.

एकाच कपड्याची तीन मापे मागवून दोन परत करणे हे त्या मानाने निर्दोष म्हणावे लागेल. विक्रेत्याने मापाची खात्री करण्याचे दुसरे साधनच दिले नसेल, तर ग्राहकाने घरालाच कपडे घालून पाहण्याची खोली केली, यात लबाडी नाही. मात्र त्याचा खर्च कोणावर पडतो, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये तेथे सु. ७४३ अब्ज डॉलर किमतीचा, म्हणजे एकूण विक्रीच्या १४·५ टक्के, माल परत आला. हा भार किमतींत मिसळतो व क्वचितच काही परत करणाऱ्या ग्राहकासही तो उचलावा लागतो. जेथे मध्यस्थ कंपनी स्वतः माल विकत नाही, तेथे जाण्यायेण्याचा वाहतूकखर्च अनेकदा लहान उत्पादकाच्या माथी येतो. ग्राहकास आपण एखाद्या बलाढ्य कंपनीला माल परत करीत आहोत असे वाटत असते, पण प्रत्यक्षात तो चार मागांच्या विणकराकडे जात असतो.

परत मालाची पुनर्विक्री : परत आलेली वस्तू प्रथम तपासली जाते. वेष्टन न उघडलेली वस्तू पुन्हा साठ्यात जाते. उघडलेली पण न वापरलेली वस्तू नवे वेष्टन घालून किंवा ‘उघडलेले खोके’ असे सांगून कमी किमतीस विकली जाते. बिघडलेली उपकरणे दुरुस्त करून ‘नूतनीकृत’ म्हणून विकतात. जी तपासण्याचा खर्चही परवडत नाही ती घाऊक ढिगांनी, म्हणजे ‘लॉट’ने, लिलावात काढली जाते, उरलेली दान केली जाते, तिच्यातील द्रव्ये वेगळी काढली जातात किंवा ती नष्ट करण्यात येते. स्वस्त वस्तूच्या बाबतीत पैसे परत करून ती ग्राहकाकडेच राहू देणे विक्रेत्यास फायद्याचे ठरते. सराफाच्या दुकानातील स्थिती यापेक्षा वेगळी आहे : परत घेतलेला दागिना वितळला, की त्याचे जुनेपण नाहीसे होते, म्हणून तेथे वाद होतो तो मजुरी व घट यांबद्दल, फसवणुकीबद्दल नव्हे.

पुनर्विक्रीतील मूळ प्रश्न ‘नवी’ या शब्दाचा आहे. जुनी, दुरुस्त केलेली वा पुन्हा बांधलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही २०१९ च्या भारतीय अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा होय. १९८६ च्या अधिनियमातही ही तरतूद होती. परंतु दोन दिवस दुसऱ्याच्या घरी राहून आलेली, एकदाच पायात घालून पाहिलेली चप्पल ‘जुनी’ काय? दुकानातही ती दहा जणांनी घालून पाहिलेली असू शकते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. यावरून वस्तूला झालेला स्पर्श हा निकष पुरेसा नाही असे दिसते. तिचे आयुष्य, सुरक्षितता, हमीची मुदत किंवा स्वच्छता यांपैकी एकाही बाबतीत खरेदीदाराच्या रास्त अपेक्षेत फरक पडत असेल, तर परतीची गोष्ट सांगितली पाहिजे, हा निकष अधिक ग्राह्य आहे. या कसोटीनुसार न उघडलेल्या पुस्तकाविषयी काही सांगावे लागत नाही; सुरू करून पाहिलेल्या दूरध्वनीविषयी सांगावे लागते, कारण त्याची हमी व विद्युत्‌घट यांचा काल सुरू झालेला असू शकतो; अंतर्वस्त्रे आणि सौंदर्यप्रसाधने मात्र सांगूनही पुन्हा विकू नयेत. अमेरिकेतील अनेक राज्यांत वापरलेल्या गाद्यांवर तसे दर्शविणारी चिठ्ठी लावणे कायद्याने आवश्यक आहे. येथे कायद्याने अँटिपाटरची बाजू घेतली आहे. अन्य बहुसंख्य वस्तूंच्या बाबतीत व्यापार डायोजिनीझच्याच मताने चालतो.

लॉटने होणाऱ्या लिलावांत एक विसंगती दिसते. उदार परतीचे धोरण असणारे भांडार आपल्या ग्राहकाकडून वस्तू विनातक्रार परत घेते, पण त्याच वस्तूंचा ढीग ‘आहे त्या स्थितीत’ व परत न घेण्याच्या अटीवर लहान व्यापाऱ्यास विकते. ढिगात काय चालू आहे व काय मोडलेले आहे, याची जोखीम त्या लहान व्यापाऱ्यावर पडते, आणि तो ती आठवड्याच्या बाजारात किंवा पदपथावर वस्तू घेणाऱ्या, सर्वांत कमी ऐपतीच्या ग्राहकावर ढकलतो. त्या ग्राहकास पावतीही मिळत नाही. १६०३ च्या खटल्यातील तत्त्व या टोकाला अजून जिवंत आहे.

माल नष्ट करण्याच्या प्रथेवर अलीकडे विशेष टीका होऊ लागली आहे. जर्मनीतील बांबेर्ख विद्यापीठाच्या संशोधकांच्या अंदाजानुसार त्या देशात २०१८ मध्ये सु. २८ कोटी पार्सले परत आली आणि परत आलेल्या वस्तूंपैकी सु. चार टक्के टाकून देण्यात आल्या. टक्केवारी लहान दिसली, तरी वस्तूंची संख्या सु. दोन कोटी होते, व त्यांपैकी पुष्कळशा वस्तू वापरण्याजोग्या होत्या. दान करण्यापेक्षा नष्ट करणे स्वस्त पडते, हे त्याचे एक कारण होय. आपला माल स्वस्त बाजारात दिसू नये, ही नामांकित उत्पादकांची इच्छा हे दुसरे. फ्रान्सने १० फेब्रुवारी २०२० च्या कायद्याने न खपलेल्या खाद्येतर वस्तू नष्ट करण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. यूरोपीय संघाच्या २०२४ च्या विनियमानुसार न खपलेले कपडे व पादत्राणे नष्ट करण्यास मोठ्या उद्योगांना १९ जुलै २०२६ पासून मनाई करण्यात आली असून, ग्राहकांनी व्यवहार रद्द करून परत केलेल्या वस्तूंचाही न खपलेल्या मालात समावेश केलेला आहे. आरोग्य, स्वच्छता व सुरक्षितता यांच्या दृष्टीने अयोग्य ठरलेल्या वस्तू या बंदीतून वगळता येतात.